जागा कोणाची

दिल्लीतील बहाई उपासना मंदिराला नऊ बाजू आणि नऊ दारे आहेत. आत मूर्ती नाही, पुरोहित नाही, प्रवचनही नाही. एकोणिसाव्या शतकात इराणात उदयाला आलेल्या या धर्माच्या उपासनागृहास मश्रिकुल अझकार, म्हणजे ईश्वरस्मरणाचे उदयस्थान, असे म्हणतात, आणि तेथे कोणत्याही धर्मातील पवित्र वचने म्हणता येतात. मात्र वाद्याची साथ चालत नाही, केवळ मानवी कंठ चालतो. टाळ-मृदंगावर वाढलेल्या कोकणी कानाला हा नियम अंमळ कोरडा वाटेल. पण दाराशी कोणाची जात वा पंथ विचारला जात नसेल, तर एवढा कोरडेपणा सोसण्याजोगा आहे.

कोकणातल्या महाड-पोलादपूरच्या मुलखात असे मंदिर नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे गेल्यावर पाचगणीला बहाईंनी १९४५ साली सुरू केलेली न्यू एरा शाळा लागते, इतकेच काय ते सान्निध्य.

फरीबुर्झ साहबा यांनी रचलेल्या आणि १९८६ मध्ये लोकार्पण झालेल्या दिल्लीच्या मंदिरातील २७ पाकळ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, जमिनीविषयी क्वचितच. ती १९५३ साली घेतली गेली आणि तिच्या किमतीचा मोठा भाग सिंधमधील हैदराबादच्या आर्दिशीर रुस्तमपूर यांनी आपली जन्मभराची पुंजी देऊन उभा केला.

महाडच्या चवदार तळ्याची जागा मात्र मुळातच सार्वजनिक होती, आणि अडचण तिथेच होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार चवदार तळे खुले केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या पहिल्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांसह सत्याग्रहींनी पाणी पिईपर्यंत तो ठराव कागदावरच राहिला. त्या दिवशी मारहाण झाली ती पाणी पिताना नव्हे, तर नंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठल्यावर. देऊळ कोणी मागितलेलेही नव्हते. पुढे तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा मंडपाला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. तळ्याबाबत दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम निघालेला असल्याने त्या वेळी पाण्याला हात लागला नाही, आणि २५ डिसेंबरला फत्तेखानाच्या त्या जागेत मनुस्मृती जाळली गेली. तळ्यासारखी सर्वांची म्हणवणारी जागा बंद आणि एकाच्या मालकीची जागा खुली, हा उलटा हिशेब महाडच्या इतिहासात जितका ठळकपणे मांडला जावा तितका मांडला जात नाही.

मनाई हुकूम ज्यात निघाला, तो तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. तळे चौधरी तळे या नावाची खासगी मालमत्ता आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी आहे, असे वादींचे म्हणणे होते. ‘अनादी’ वहिवाट, म्हणजे जिचा आरंभ कोणाच्याही स्मरणात नाही अशी रूढी, सिद्ध झाली नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे, १९२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच ब्रूमफील्ड.