नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

मराठींत एका मात्रेनें केवढा अर्थपालट होतो ह्याचें उदाहरण कोणी विचारलें, तर मी "नांव ठेवणें" आणि "नांवें ठेवणें" ही जोडी पुढें करीन. पहिलें मंगलकार्य, दुसरें निंदाकार्य. परंतु आपल्या घरांतून हीं दोन्ही कार्यें बहुधा एकाच दिवशीं, एकाच पाळण्याभोंवतीं आणि त्याच मंडळींच्या हातून पार पडतात. मूल अजून नीट डोळे उघडीत नाहीं, तोंच त्याचें नांव फार जुनें झालें, फार नवें झालें, उच्चारावयास कठीण झालें, असे अभिप्राय ऐकूं येऊं लागतात. ज्याच्या जन्मभराचा हा प्रश्न, त्याला एकट्याला मात्र मत नसतें.

यंदा आमच्या यवतमाळच्या घरांत हा वाद दूर देशावरून आला. माझा धाकटा पुतण्या स्पेनच्या उत्तरेस, बिल्बाओ ह्या शहरीं नोकरीनिमित्त राहतो. बास्क लोकांच्या मुलुखांतील हें सर्वांत मोठें शहर. सूनबाई बाळंतपणाकरितां येथें आली व तिला कन्यारत्न झालें. बाप आल्यावरच बारसें करावयाचें, असें माझ्या वहिनींनीं, म्हणजे मुलीच्या आजीनें, ठरवून टाकलें. सरकारदरबारची घाई नव्हती. १९६९ सालच्या जन्ममृत्यु-नोंदणीच्या कायद्याप्रमाणें जन्म आधीं नोंदवून नांव मागाहून घालतां येतें, आणि तें बारा महिन्यांच्या आंत घातल्यास शुल्कहि पडत नाहीं. तोंवर विचार व्हावा म्हणून पुतण्यानें बास्क नांवांची एक यादी अर्थासहित पाठविली व खालीं लिहिलें, "काका, ह्यांतलें एखादें आपल्या घरांत शोभेल काय तें कळवावें. ह्या मुलुखानें आम्हांला आसरा दिला. त्याची थोडी आठवण मुलीच्या नांवांत असावी असें दोघांनाहि वाटतें."

बास्क भाषा ही मोठी विलक्षण चीज आहे. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाकडे, कांहीं स्पेनमध्यें व कांहीं फ्रान्समध्यें, ती बोलली जाते. चोहोंकडे लॅटिनच्या लेकी नांदत असतां हिचें मात्र जगांतील कोणत्याहि जिवंत भाषेशीं नातें सिद्ध झालेलें नाहीं. तिच्यांतील नांवें वाचतांना आमच्या ओसरीवर मोठी मौज झाली. "माइते" म्हणजे लाडकी, "इसार" म्हणजे तारा, "हाइसेआ" म्हणजे वारा. "इबाय" म्हणजे नदी; पण हें तिकडे मुलाचें नांव! आपल्याकडे नदी म्हटली कीं ती मुलगीच. "केपा" ऐकून घरांतल्या बायकांनीं एखादी परकरी पोर डोळ्यांपुढें आणली. तें निघालें संत पीटरचें नांव. आणि "आने" हें तिकडे मुलीचें फार आवडतें नांव आहे असें मी वाचतांच माझे वडील बंधु म्हणाले, "छे, यवतमाळ जिल्ह्यांत हें चालावयाचें नाहीं. येथें अणे म्हटले कीं वणीचे बापूजी!"

बहुतेकांना पसंत पडलें तें "अमाया". बंधूंनीं लगेच त्याचा विग्रह करून "मायारहित" असा अर्थ लाविला व वेदान्ताचें समाधान मानलें. पण यादींतला अर्थ निराळा होता. बास्क भाषेंत त्या शब्दाचा अर्थ "शेवट" असा आहे. १८७९ सालीं नवार्रो विलोस्लादा ह्या लेखकानें त्या नांवाच्या नायिकेवर एक ऐतिहासिक कादंबरी लिहिली आणि पुढें तें नांव घरोघरीं गेलें. बास्क आईबापांच्या मनांत त्याविषयीं कांहीं अमंगळ भाव नाहीं. तरी वहिनी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "अर्थ तिकडे चांगलाच असेल. पण मुलीच्या नांवांत शेवट नको. मुली पुरे, असें सांगणारीं नांवें आपल्या देशांत थोडीं का झालीं?"

वहिनींचा रोख "नकुशी"कडे होता हें सर्वांनीं ओळखलें. मुलीमागून मुलगी झाली कीं तिला नको असलेली म्हणून हांक मारावयाची, आणि तीच हांक शाळेच्या दाखल्यावर चढवावयाची, ही रीत आपल्याच महाराष्ट्रांतली. २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत सातारा जिल्ह्यांत अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. दगडू, धोंडू, केरू, भिकू हीं नांवेंहि वरवर पाहतां तशींच ओबडधोबड. परंतु ज्या घरांत मुलें जगत नसत तेथें दृष्ट लागूं नये, मृत्यूनें दगड समजून पुढें जावें, ह्या वेड्या आशेनें तीं ठेवलीं जात. त्या दगडांत आईचें काळीज असे. धोंडो ह्या नांवाचें सोनें करणारे महर्षि धोंडो केशव कर्वे १८५८ सालीं जन्मले, त्यांना १९५८ सालीं भारतरत्न ही पदवी मिळाली, आणि १०४ वर्षांचे होऊन १९६२ सालीं ते गेले. तात्पर्य, नांवाला अर्थ दोन असतात: एक कोशांतला आणि दुसरा ठेवणाऱ्याच्या मनांतला. मूल जन्मभर वाहतें तें ह्या दुसऱ्या अर्थाचें ओझें किंवा आशीर्वाद.

आपल्या पूर्वजांनीं नांवाचा विचार थोडाथोडका केलेला नाहीं. "धर्मसिंधु" पाहावा, तर एका मुलाला चार नांवें सांगितलेलीं आहेत: देवतेचें, महिन्याचें, नक्षत्राचें आणि व्यवहाराचें. महिन्याचीं नांवें विष्णूचीं. मार्गशीर्षांत जन्मला तो कृष्ण, पौषांत अनंत, माघांत अच्युत, असा क्रम आहे. व्याकरण कां शिकावें ह्याचीं कारणें देतांना पतंजलीनेंहि महाभाष्यांत नामकरणाचा दाखला घेतला आहे. मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें असावें, आरंभीं घोषवर्ण असावा, बापाकडील तीन पिढ्यांना अनुसरून असावें, हे नियम व्याकरण न जाणणाऱ्याला कसे पाळतां येणार, असा त्याचा सवाल. गृह्यसूत्रांनीं मुलीचें नांव विषम अक्षरांचें सांगितलें. मनूनें तें उच्चारास सोपें, अर्थानें स्पष्ट, मनोहर आणि दीर्घ स्वरानें संपणारें असावें असें सांगितलें.

पण त्याच मनूनें तिसऱ्या अध्यायांत नक्षत्र, वृक्ष किंवा नदी ह्यांचें नांव असलेल्या मुलीशीं विवाह करूं नये असेंहि म्हटलें आहे, हें ऐकून आमच्या घरांत एकच हंशा पिकला. रोहिणी, तुळसा, गंगा, गोदावरी, कृष्णा, नर्मदा ह्या सगळ्या वगळल्या तर महाराष्ट्रांतल्या किती बोहल्यांवर अंतरपाट धरला गेला असता? शास्त्र पोथींत राहिलें आणि आयाबायांनीं नद्या पाळण्यांत घातल्या. नामकरणाच्या बाबतींत खरें राज्य माजघराचें आहे, ह्याचा ह्याहून ठळक पुरावा नको.

ह्या राज्यावर कधीं कधीं दुसरीं राज्यें चाल करून येतात. यादीबरोबरच्या पत्रांत पुतण्यानें तिकडची हकीकत लिहिली होती. १९१० सालीं बास्क अभिमान्यांनीं संतांच्या नांवांचीं बास्क रूपें ठरवून एक यादी प्रसिद्ध केली. केपा हें तींतलेंच. पुढें स्पेनमध्यें यादवी माजली आणि १९३८ सालच्या मे महिन्यांत जनरल फ्रँकोच्या राजवटीनें हुकूम काढून जन्मनोंदणींत असलीं नांवें घालण्यास बंदी केली. केपाला "पेद्रो" म्हणून नोंदवावें, घरांत काय हवें तें म्हणावें! १९७७ सालीं कायदा बदलला, तेव्हां तीं नांवें पुन्हां दप्तरांत आलीं. आज पुतण्याच्या शेजारीपाजारीं इसार आणि माइते अंगणांत खेळत आहेत.

तें वाचतांना मला आपल्याच जिल्ह्यांतील कोलामांची आठवण झाली. केळापूर, मारेगांव, झरी-जामणी ह्या बाजूला त्यांचे पोड आहेत. त्यांची कोलामी बोली द्राविड कुळांतली, मराठीच्या वेढ्यांत राहूनहि निराळी. एमेनो नांवाच्या पंडितानें १९५५ सालीं तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कोलामांच्या मुलांनीं शाळेंत जातांना मराठी वळणाचें नांव घ्यावें असा हुकूम कोणत्याहि सरकारनें काढलेला नाहीं. पण मोठ्या भाषेच्या शेजाराचा दाब हुकुमावांचूनहि पडतो. हुकुमानें गेलेलें नांव हुकूम उठल्यावर परत येतें. संकोचानें सोडलेलें नांव परत बोलवावयाचें तर कोणाकडे अर्ज करावयाचा?

आणि हुकुमावांचून नांव पुसण्याची कला आपल्याहि घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली आहे. त्यासाठीं तबकभर तांदूळ आणि सोन्याची अंगठी एवढें साहित्य पुरतें. लग्नाच्या दिवशीं नवऱ्यानें तांदळांवर अक्षरें काढलीं कीं बापानें बारशाला ठेविलेलें नांव संपलें. १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. आणि "सेवासदन" नांवारूपास आणणाऱ्या रमाबाई रानडे, त्याहि माहेरच्या यमुनाच. कर्व्यांच्या बाया, म्हणजे आनंदीबाई, माहेरच्या गोदूबाई. ह्या थोर स्त्रियांचें मूळ नांव निदान चरित्रग्रंथांतून तरी टिकलें. इतरांचें काय झालें?

ह्या प्रश्नानें मला आमच्या घरची वंशावळ काढावयास लाविलें. नऊ पिढ्यांचे पुरुष तींत ओळीनें मांडलेले आहेत, निपुत्रिक गेलेल्यांसकट. स्त्रियांपैकीं एकीचेंहि नांव नाहीं. माझ्या आजीला आम्हीं तिच्या सासरच्या नांवानेंच ओळखलें, आणि तें नांव घरांतल्या देवीचें असल्यामुळें तिचें म्हणून वेगळें असें कांहींच आमच्या हातीं नव्हतें. पण वहिनींना एक गोष्ट ठाऊक होती. त्यांनीं माळ्यावरून एक पितळेची घागर उतरविली, चिंचेनें घांसली आणि तिच्या गळ्याजवळचीं टिंबाटिंबांनीं कोरलेलीं अक्षरें मला वाचावयास सांगितलीं. आंदणांत आलेलें तें भांडें. "चिरंजीव" ह्या शब्दापुढें एका मुलीचें नांव होतें आणि त्यापुढें "हीस मामाकडून" एवढेंच. त्या मामाला सासरीं भाचीचें नांव काय ठेवणार हें माहीत नव्हतें. त्यानें आपल्याला ठाऊक असलेलें नांव पितळेवर घातलें, आणि म्हणून तें आमच्यापर्यंत पोंचलें.

कसरावून टाकलेल्या भांड्यानें जें जपलें तें नऊ पिढ्यांच्या वंशावळीनें जपलें नव्हतें! आमच्या बंधूंना हें फार लागलें. त्यांनीं त्याच दिवशीं वंशावळीच्या समासांत आजीचें माहेरचें आणि सासरचें अशीं दोन्ही नांवें लिहिलीं, आणि मग गांवोगांवच्या वृद्ध नातलगांना विचारून आणखी तीन स्त्रियांचीं नांवें मिळविलीं. बाकीच्या सहा जणींच्या जागा त्यांनीं रेघ ओढून मोकळ्या ठेविल्या आहेत. त्या भरतील असें वाटत नाहीं. पण मोकळी जागासुद्धां कोणी होतें असें सांगत असते.

पुतण्याला मीं लिहून कळविलें कीं, तुझी यादी सुंदर आहे आणि तींतलें "माइते" हांक मारावयास अवश्य ठेवावें. लाडकी ह्या शब्दाला कोणत्याहि भाषेंत कोणी नांवें ठेवणार नाहीं. दप्तरांतलें नांव मात्र घागरीवरचें घ्यावें. सूनबाईचा होकार त्याच्याहि आधीं आला. काळहि आतां थोडा अनुकूल झाला आहे. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवांत प्रथम मुलाचें, मग आईचें, मग बापाचें आणि शेवटीं आडनांव असा क्रम आपल्या राज्य सरकारनें ठरविला आहे. आणि लग्नानंतर नांव बदललेंच पाहिजे असें कोणताहि कायदा म्हणत नाहीं. म्हणजे ही मुलगी आईच्या नांवासह नोंदली जाईल, आणि पुढें कोणी तबकांत तांदूळ पसरून पुढें केले, तर तींच अक्षरें पुन्हां लिहावयास सांगण्याचा तिला अधिकार राहील.

तें नांव कोणतें, हें वाचकांना सांगावें असें फार वाटतें; परंतु बारशापूर्वीं नांव बाहेर फुटूं द्यावयाचें नाहीं, आत्यानें बाळाच्या कानांत सांगितल्यावरच तें इतरांनीं ऐकावयाचें, ही आपल्याकडची रीत मोडण्याचा मला अधिकार नाहीं. एवढें सांगतों कीं, तें तीन अक्षरांचें आहे, शेवटीं दीर्घ स्वर आहे, अर्थ पोरालाहि कळेल इतका सोपा आहे, आणि मनूला तें मुळींच आवडलें नसतें. मोठी झाल्यावर बिल्बाओच्या शाळेंत कोणी तिला अर्थ विचारील, तेव्हां कोशांतला अर्थ तर ती सांगेलच. पण त्यापुढें तिला असेंहि सांगतां येईल कीं, हें माझ्या खापरपणजीच्या वेळेपासून आमच्या घरांत पडून होतें, आणि तिला तें परत द्यावयाचें राहिलें होतें.