खालच्या जाळीचं वजन

४ नोव्हेंबर २०२४
काल भाऊबीज झाली. आज कुपवाडच्या गाळ्याचं शटर उघडलं. पुण्याच्या मॅडमचा फोन. पेटंट एजंट. पहिलाच प्रश्न : यंत्र शेडवर पहिल्यांदा कधी लावलं?
वही काढली. ९ फेब्रुवारी. तासगावजवळ, मामांची बेदाण्याची शेड.
"उघड्यावर? लोकांसमोर?"
बेदाणा शेडला दार कसलं. हंगामात निवडणीच्या बायका, व्यापारी, शेजारचे बागाईतदार, कोणीही आत येतं.
पेटंट कायदा १९७०, कलम ३२. चाचणी चारचौघांत घ्यावीच लागत असेल तर सूट आहे. पण अर्जाच्या आधीच्या एका वर्षातली असेल तरच. म्हणजे ९ फेब्रुवारीच्या आत अर्ज. मॅडम म्हणाल्या, जानेवारीच धरा.

५ नोव्हेंबर
यंत्राचे फोटो मोबाइलवरच्या सगळ्या ग्रुपमध्ये शोधले. नाहीत. हुश्श.

८ नोव्हेंबर
मॅडमना लिहून पाठवलं. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवायचे. जाळ्यांवर पसरायचे. जाळ्या एकावर एक. वारा आडवा फिरतो, माल सावलीत वाळतो, रंग हिरवट राहतो. रात्री ओल धरली की काळा पडतो. मग व्यापारी मूठ उघडून बघतो आणि पुढे जातो.
माझं यंत्र : सेन्सर, कंट्रोलर, मोटरी, पडदे. आत प्रोग्रॅम. हवेत ओल वाढली की पडदे खाली.
उत्तर एका ओळीचं. "यातलं नवीन काय?"

९ नोव्हेंबर
दिवसभर तोच प्रश्न डोक्यात. चिडचिड. जेवणावरून उठले.

१३ नोव्हेंबर
शोधाशोध. पेटंट कार्यालयाचं इनपास, युरोपचं एस्पासनेट, गूगल पेटंट्स. रात्री एक वाजला.
आर्द्रता मोजून पडदा पाडणं : आहे. हरितगृहात कधीचं. मोबाइलवर संदेश : आहे. सोलर पॅनल : आहे. वाळवणीच्या खोलीत पंख्याचा वेग बदलणं : आहे. मिरची, चहा, लाकूड, मासळी. जगात वाळवणारे लोक फार.
वहीतल्या यादीवर काट मारत गेले. पान काळं झालं.

१८ नोव्हेंबर
कलम ३ वाचलं. कशाला शोध म्हणायचं नाही याची यादी. ३(एच) : शेतीची पद्धत. ३(एफ) : माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी-शेजारी मांडणं. ३(के) : गणिती किंवा धंद्याची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम, अल्गोरिदम.
तिन्हींत मीच दिसते.
मॅडमचं म्हणणं : द्राक्ष वेलीवरून उतरलं की शेती संपली, प्रक्रिया सुरू झाली, असं मांडता येईल. ३(एफ)ला उत्तर द्यायचं तर भाग एकमेकांशी काय करतात ते दाखवा. ३(के)चं नंतर बोलू.

२० नोव्हेंबर
विधानसभेचं मतदान. गाळा बंद. शाई अंगठ्यापर्यंत ओघळली.

२५ नोव्हेंबर
अर्ज दोन टप्प्यांत करायचा. आता प्रोव्हिजनल, त्यानंतर १२ महिन्यांत कम्प्लीट. प्रोव्हिजनलला क्लेम, म्हणजे नेमका हक्क कशावर ते, लागत नाहीत. मॅडम म्हणतात, तरी लिहा. क्लेम लिहिल्याशिवाय आपल्याकडे काय आहे ते कळत नाही. आणि आज जे लिहिणार नाही, त्याला पुढे आजची तारीख मिळणार नाही.
एक क्लेम म्हणजे एक वाक्य. कितीही लांबलं तरी पूर्णविराम एकच. पहिला मसुदा पाऊण पान. वाचताना मलाच धाप लागली.

३ डिसेंबर
ढगाळ. मामांचा फोन. बागेत घड लागलेत, फवारण्या वाढल्यात. "तुझ्या कागदाचं कुठवर?" म्हणाले. चाललंय म्हटलं.

५ डिसेंबर
या देशातला पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा. त्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या सिव्हिल इंजिनिअरचा, ३ मार्च १८५६. शोध कशाचा? छताचा पंखा ओढण्याच्या यंत्राचा. दोरी ओढत बसणाऱ्या माणसाच्या जागी यंत्र.
मी पडद्याच्या दोरीशी आहे. बरं वाटलं.

१२ डिसेंबर
मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडला, मग लॅपटॉप.
फरीद अल्लानी खटला. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल १२ डिसेंबर २०१९ चा. आज बरोबर पाच वर्षं. अर्ज २००२ चा होता, इंटरनेटवरची माहिती शोधण्याबद्दलचा. न्यायालयाचं म्हणणं असं : आज बहुतेक शोध संगणक प्रोग्रॅमवरच उभे आहेत. प्रोग्रॅम आहे म्हणून दार लावायचं नाही. तो तांत्रिक परिणाम काय साधतो ते बघायचं.
मॅडमचा प्रश्न : "तुमच्या प्रोग्रॅमने शेडमध्ये काय बदलतं? स्क्रीनवर नको, शेडमध्ये."

१५ डिसेंबर
यादीत काट न मारलेलं एवढंच उरलं :
हवा मोजायची नाही. माल मोजायचा. वरच्या जाळीखाली एक लोड सेल, खालच्या जाळीखाली एक. दोन्हींचं वजन किती वेगाने उतरतं त्यातला फरक. फरक वाढला की पडदा. सगळे पडदे नाहीत, एकाच बाजूचे. सुरुवातीच्या दिवसांत फरकाकडे बघायचंच नाही.
पाच ओळी. दोन वर्षांच्या कामातल्या.
लिहून झाल्यावर उठून पाणी प्यायले. या पाच ओळी पहिल्यांदा ऐकल्या त्या मामांच्या तोंडून. शेडवर, रात्री, बॅटरीच्या उजेडात. "हवंचं काय बघतीस? जाळीचा कोपरा उचल. वरची हलकी लागंल, खालची जड. लई फरक लागला की पडदा सोड."

१६ डिसेंबर
मॅडमना फोन करून तेच सांगितलं.
त्या थोडा वेळ गप्प. मग दोन प्रश्न. मामा शोधक आहेत का? आणि मामा हे वर्षानुवर्षं करत असतील तर शोध नवा आहे का?
एकच गोष्ट. एका बाजूने मामांचं नाव आत येतं, दुसऱ्या बाजूने अर्जच बाहेर जातो.

१७ डिसेंबर
हळदीची आठवण. आपल्या सांगलीच्या पेठेतला माल. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं. माशेलकरांच्या वेळी सीएसआयआर लढली. जुने ग्रंथ, छापलेले लेख पुढे ठेवले. १९९७ मध्ये रद्द.
तिथे लेखी पुरावा होता. मामांचं कुठेच लिहिलेलं नाही. पण आपल्या कायद्यात कलम २५(१)(के) आहे. स्थानिक समाजातलं तोंडी ज्ञानही विरोधाला पुरतं. पेटंट मिळण्याआधी असा विरोध कोणीही करू शकतो.
झोप नाही.

२२ डिसेंबर
शेडवर गेले. रिकामी. मामा फाटक्या जाळ्या शिवत बसलेले. मीही सुतळी घेतली.
"मामा, कोपरा उचलून बघायचं तुम्हाला कोणी शिकवलं?"
"कोन शिकिवनार? एका सालात समदा खालचा माल काळा झाला. तवापासनं बघतोय."
"आणखी कोण बघतं?"
"जाळी उचलून बघत्यात की बरेच. एक उचलत्यात. दोन न्हाईत."
"फरकाचं कोणाला सांगितलंत?"
"तुला. बाकी कुनी इचारलंच न्हाई."
वहीत शब्दशः लिहून घेतलं. तारीख घातली. मामांची सही घेतली. ते हसले.

२३ डिसेंबर
मॅडम खूश. पार्श्वभूमीच्या परिच्छेदात स्वच्छ लिहायचं : शेडवरचे जाणकार लोक जाळी हाताने उचलून ओल अजमावतात. लपवायचं नाही. मग लिहायचं, हाताला काय जमत नाही : दोन थरांचा वेग, तासातासाचा, रात्रभर, आणि त्यावरून कोणता पडदा किती. तपासनीस विचारणारच, त्याआधी आपण सांगायचं.
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. पहिल्याचं बाकी.

२ जानेवारी २०२५
भाऊजी सुट्टीला आलेत. बंगळुरूत सॉफ्टवेअर कंपनीत. म्हणाले, "कोड तुझा आहे, त्याचं पेटंट घे. एवढं काय त्यात?"
कोडला कॉपीराइट. तो लिहिताक्षणी लागू होतो, १९५७ च्या कायद्याने. पण उद्या कोणी तीच युक्ती दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिली तर कॉपीराइट काही करू शकत नाही. युक्तीला पेटंट. तेही वजनकाटा, मोटर, पडदा यांना बांधलेली असेल तर.
भाऊजी म्हणाले, "म्हणजे कोडची किंमत शून्य?"
चहा टाकायला उठले.

६ जानेवारी
कृषी प्रदर्शनाचं आमंत्रण. स्टॉल फुकट. किती वर्षं वाट पाहिली याची.
प्रदर्शनात दाखवूनही सूट मिळते, पण केंद्र सरकारने तसं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनातच. हे त्यातलं नाही. जुने डेटा लॉगर मांडेन म्हणून कळवलं. शीतगृहांसाठीचे.

१० जानेवारी
तक्ता द्यायचा की नाही?
कोणत्या दिवशी किती फरकाला पडदा सोडायचा, त्याचा तक्ता. दोन हंगामांची जागरणं त्यात आहेत. कलम १०(४) : शोध पूर्ण सांगा, आणि तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली रीत सांगा. हे कम्प्लीटच्या वेळी लागणार. मॅडम म्हणतात, आत्ताच घाला, तारीख मिळेल.
सौदा सरळ आहे. २० वर्षांची मालकी, बदल्यात सगळं उघड. १८ महिन्यांनी प्रसिद्ध होणार. नाशिकचा कोणीही वाचेल.
उद्या ठरवते.

११ जानेवारी
तक्ता घातला.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन मामांकडे. मसुदाही नेला. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत चालतो. मराठीत नाही. मामा म्हणाले, "मग सांग वाचून."
एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. डोळे मिटून ऐकलं. पडद्याच्या परिच्छेदाला हात वर.
"हे चुकलंय. वाऱ्याच्या अंगाचा पडदा आधी सोडायचा. पाठीकडचा उघडा ठेवायचा. समदं झाकलंस तर आतली ओल जानार कुठं?"
प्रोग्रॅम तसंच करतो. मसुद्यात टाइप करताना बाजू उलटली होती. आणि हेही मामांचंच.
मग नावाचं काढलं. मामा सावरून बसले. "सरकारी कागदावर माझं नाव कशाला? नोटीस-बिटीस येती."
मामी आतून : "सोसायटीच्या कर्जाला येती ती का?"
कलम ५० सांगितलं. दोघं अर्जदार असलो तर दोघांचा वाटा सारखा. आपापल्यापुरतं दोघंही वापरू शकतो, एकमेकांना हिशेब न देता. पण दुसऱ्याच्या संमतीवाचून कोणालाही आपला वाटा विकायचा नाही, वापराचा परवाना द्यायचा नाही.
"म्हंजे मला न इचारता तुला इकता येनार न्हाई?"
"नाही."
"मग घाल नाव."

१५ जानेवारी
घरी थोडं तापलं. "अर्धा वाटा?" असं विचारलं गेलं. वाट्याबद्दल नंतर करार करता येतो. शोधक कोण, हे करारावर ठरत नाही. एवढं बोलून मी विषय संपवला.

२० जानेवारी
आकृत्या. ए-फोर कागद. वर आणि डावीकडे ४ सेंमी मोकळं, खाली आणि उजवीकडे ३. भागांवर नावं लिहायची नाहीत, आकडे घालायचे. शब्द फक्त फ्लोचार्टमध्ये. शेड १०, वरची जाळी १२, खालची जाळी १४, लोड सेल १६ आणि १८. पडदा २२.
खालची जाळी काढताना हात थरथरला. परत काढली.

२३ जानेवारी
मामांचं नाव आधारवर एक, पॅनवर दुसरं. वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त. अर्धा दिवस त्यात.
फॉर्म १, अर्ज. फॉर्म २, स्पेसिफिकेशन. फॉर्म ३, परदेशात अर्ज केलाय का ते. फॉर्म २६, मॅडमना मुखत्यारी. फॉर्म ५ कम्प्लीटच्या वेळी.
शोधक : दोन. अर्जदार : दोन.

२४ जानेवारी
फी १,६०० रुपये, ऑनलाइन, व्यक्ती म्हणून. स्टार्टअपलाही तेवढीच. मोठी कंपनी असते तर ८,०००. तपासणीची फी वेगळी, ती पुढे. अर्जदारांत एक बाई असली आणि बाकीच्याही व्यक्तीच असल्या तर लवकर तपासणी मागता येते, फॉर्म १८ए. बाई म्हणून रांगेत पुढे. आयुष्यात पहिल्यांदा.

२७ जानेवारी
मसुदा शेवटचा वाचला. पुन्हा वाचला. "सुमारे" हा शब्द तीन ठिकाणी काढून आकडे घातले.

२९ जानेवारी
मॅडमनी अर्ज दाखल केला. आपला भाग मुंबई कार्यालयाकडे येतो, अँटॉप हिलला. जायची गरज पडली नाही. पावती ईमेलवर. क्रमांक २०२५२१ ने सुरू होतो : साल, मग मुंबईचा २, मग साध्या अर्जाचा १.
मामांना कळवलं. "मिळालं का?" म्हणाले. नाही, नुसता नंबर मिळाला. "मग जाळ्या बांधायला कधी येतीस?"

२ फेब्रुवारी
वसंत पंचमी. मामांकडचे पहिले घड उतरायला थोडे दिवस आहेत. या हंगामाचा प्रत्येक तासाचा आकडा कम्प्लीटमध्ये जाणार. दोन्ही लोड सेल उद्या कॅलिब्रेट करायचे, नोंद मामांच्या सहीनिशी ठेवायची.
कम्प्लीट स्पेसिफिकेशन २९ जानेवारी २०२६ च्या आत. नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं कायदा धरतो.