बर्फाची बादली

आमचे बाबा पळतात. बस पकडायला नव्हे, चाळीस-पन्नास मैल, आणि तेही डोंगरातून. आम्ही दोघं बहीण-भाऊ, राहणार लीड्स. आमचे कितीतरी रविवार कुठल्या तरी गावच्या हॉलबाहेर, थर्मासमधला चहा आणि गार झालेली थालीपिठं घेऊन बाबांची वाट बघण्यात गेले आहेत. बाईंनी या अंकासाठी घरातलं काहीतरी लिहा म्हटल्यावर दुसरं काही सुचेना.

बाबांचं दैवत म्हणजे जॅस्मिन पॅरिस. २०१९ साली त्यांनी स्पाइन रेस जिंकली. डर्बीशरमधल्या ईडेलपासून स्कॉटलंडमधल्या कर्क येथमपर्यंत २६८ मैल, ऐन जानेवारीत, जेव्हा दिवसाचे सोळा तास अंधारच असतो. त्यांना ८३ तास १२ मिनिटं लागली. पुरुषसुद्धा सगळे मागे राहिले. घरी चौदा महिन्यांची मुलगी होती, म्हणून त्या वाटेतल्या थांब्यांवर दूध काढून ठेवत होत्या. आई म्हणाली, "मला तर पळण्यापेक्षा हेच मोठं वाटतं."

पण एवढं पळताना दुखत नाही का? बाबांनी आम्हाला एका जर्मन संशोधनाची गोष्ट सांगितली. २००९ साली इटलीतल्या बारीपासून नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत ६४ दिवसांची शर्यत झाली, जवळजवळ ४,५०० किलोमीटर. त्यातल्या अकरा जणांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला सांगितलं. तीन मिनिटं झाली की हात काढायचाच, असा नियम. न पळणाऱ्या माणसांनी सरासरी दीड मिनिटाच्या आसपास हात काढले. पळणारे सगळेच्या सगळे तीन मिनिटं टिकले.

आम्ही लगेच बादली भरली. आमच्यापैकी एकाने वीस सेकंदांत हात काढला (कोणी ते सांगणार नाही), दुसऱ्याने पन्नास सेकंदांत. आईने, मला भांडी घासायची आहेत, असं सांगून भागच घेतला नाही. बाबा तीन मिनिटं क्रिकेटच्या गप्पा मारत बसले. हात लालबुंद झाला होता.

"दुखलं नाही?"

"दुखलं की! पण दुखलं म्हणजे थांबायलाच हवं असं थोडंच आहे?"

म्हणजे अशा माणसांना दुखणं कळतच नाही असं नाही. ते कळतं, पण सोसण्याची मर्यादा लांब गेलेली असते. पळताना शरीर स्वतःच एंडॉर्फिनसारखी वेदना कमी करणारी द्रव्यं तयार करतं. शिवाय, हे थोड्या वेळाने जाईल, असं मनाला सवयीने ठाऊक झालेलं असतं. आम्हाला बाबांचा फार अभिमान वाटला. शाळेतही सांगून झालं.

गेल्या मार्चमध्ये बाबा जिना एकेक पायरी करून उतरायला लागले. "काही नाही, आखडलंय." रात्री पाणी प्यायला खाली आलो तर ते स्वयंपाकघरात नडगीवर गोठलेल्या मटारची पिशवी धरून बसलेले. आम्ही पाहिलं आणि आईला सांगितलं नाही. बाबा सोसतात, हेच तर आम्ही शाळेत सांगितलं होतं ना!

तीन आठवड्यांनी आईने त्यांना ओढतच नेलं. डॉक्टरांनी विचारलं, शून्य ते दहात किती दुखतंय? बाबा म्हणाले, "तीन." आई मध्येच बोलली, "यांचे तीन म्हणजे आमचे आठ धरा." एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. एमआरआयमध्ये हाडाला गेलेला तडा दिसला.

साताऱ्याच्या आजीला फोनवर सांगितलं. तिने आळंदी ते पंढरपूर वारी पायी केली आहे, अडीचशे किलोमीटर. आम्हाला वाटलं, ती बाबांची बाजू घेईल. ती म्हणाली, "अरे, वारीत गप्प कोण बसतं? पाय दुखले की दुखले म्हणायचं. फोड आला की शेजारची बाई सुईने दोरा ओवून देते, मुक्कामाला कुणीतरी तेल लावून पाय चेपतं. तुझा बाप एकटाच पळतो, सांगणार कुणाला?"

बाबा हे स्पीकरवर ऐकत होते. काही बोलले नाहीत.

कुबड्या आता गेल्या आहेत. पळणं अजून बंद आहे. रोज संध्याकाळी आम्ही विचारतो, "आज किती?" बाबा म्हणतात, "एक." आम्ही त्यात पाच मिळवतो आणि वहीत लिहितो. परवा मात्र ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "चार." त्या दिवशी आम्ही चारच लिहिले.