तारलीची पोथी

आम्ही खानदेशी माणसे समुद्राच्या बाबतीत अगदी दरिद्री. आमची तापी समुद्राला मिळते खरी, पण ती तिकडे सुरतेपलीकडे. आम्हांला ती फक्त जाताना दिसते. धुळ्याच्या बाजारात गोणपाटावर मांडलेले सुके बोंबील आणि सुकट, एवढीच आमची रत्नाकराशी ओळख. अशा मुलखातल्या शाळामास्तराने तारलीवर लिहायला बसावे, हे धारिष्टच म्हणायचे. पण माझी धाकटी बहीण मालवणात दिली आहे, आणि भाऊबिजेला ती आली की चकल्या-अनारशांपेक्षा मासळीच्याच गोष्टी अधिक होतात.

तारली काही पापलेट-सुरमईच्या पंक्तीतली नव्हे. काटे पुष्कळ, अंगात तेल पुष्कळ आणि किंमत बेताची. केरळात तिला 'कुटुंब पोसणारी' अशा अर्थाचे नाव आहे. एवढे गोड नाव पापलेटला कोणी दिल्याचे ऐकिवात नाही! स्वभाव मात्र लहरी. बहीण म्हणते, "दादा, एखाद्या वर्षी इतकी येते की माडांच्या बुडाशी खत म्हणून घालतात, आणि एखाद्या वर्षी औषधाला मिळत नाही."

ही लहर किती महाग पडते पाहा. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली जवळजवळ ४ लाख टन तारली सापडली. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. हे आकडे फळ्यावर लिहिले, तर मुले म्हणतील, मास्तरांच्या हातून दोन शून्ये पुसली गेली. एल निनोमुळे तापलेले पाणी आणि वाढ पुरी होण्याआधीच पिल्लांवर पडणारी जाळी, अशी कारणे जाणकार देतात.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने २०२३ साली याच तारलीचा जीनोम, म्हणजे तिची सगळी वंशपोथी, वाचून काढल्याचे जाहीर केले. भारतात समुद्री माशाच्या बाबतीत हे प्रथमच घडले. या पोथीची बाराखडी चारच अक्षरांची, पण अक्षरांच्या जोड्या सुमारे १०७ कोटी, आणि त्यांत ४६,३१६ जनुके! ती सलग वाचता येत नाही. अनेक प्रती फाडून तुकडे एकत्र मिसळावेत, आणि एका तुकड्याची शेवटची ओळ दुसऱ्याच्या पहिल्या ओळीशी जुळते का ते पाहत ग्रंथ पुन्हा उभा करावा, तसे हे काम. ते यंत्रे करतात हे बरे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत ते कोणाच्या वाट्याला आले असते, हे मला ठाऊक आहे.

मला यातले थोडेफार समजले ते केळीमुळे. आमच्या रावेर-यावलकडची केळी कंदातून लावतात, नाहीतर प्रयोगशाळेतल्या रोपांतून. बियांचे कामच नाही. त्यामुळे बागेतले प्रत्येक झाड दुसऱ्याचे जुळे भावंड, आणि हरण्या रोग शिरला की एकापाशी नसलेला बचाव दुसऱ्यापाशीही नसतो. तारलीचे तसे नाही. तिच्या थव्यात प्रत्येकीची पोथी थोडी निराळी. त्या निराळेपणातच तापलेल्या पाण्यात तगून राहणारी एखादी असेल, तर असेल. आणि दोन किनाऱ्यांवरच्या तारल्या एकाच कुळातल्या की वेगळ्या, हेही पोथ्या ताडून कळते. कुळे वेगळी असली, तर एक संपल्यावर दुसरे त्याची जागा भरायला धावून येईलच असे नाही. म्हणून हा खटाटोप.

सुकट विकणाऱ्या आजीबाईंना मी हे सारे उत्साहाने सांगितले. त्यांनी तराजू खाली ठेवला आणि विचारले, "मास्तर, पोथी वाचीसन मासा वाढतस का?"

नाही वाढत. जाळ्याचे भोक केवढे असावे, हे काही जनुके ठरवीत नाहीत. ते माणसांनाच ठरवावे लागते. केरळात १० सेंटिमीटरांहून लहान तारली धरायला मनाई आहे. हे ऐकून बहिणीने माझ्या टेबलावरची लाकडी फूटपट्टी उचलली, दहाच्या रेघेवर नख ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिली. "एवढी तर आम्ही ताटात कितीदा घेतलीय, दादा," ती म्हणाली आणि पट्टी आपल्या पिशवीत टाकली.