ब्लेच्ली येथील जुन्या संगणकांचें घर

विलायतेस जाऊन आलेल्या माणसानें लंडनचा पूल, राजवाडा आणि टेम्स नदी यांचें वर्णन करावयाचें, हा आपल्याकडील जुना प्रघात आहे. तो मोडल्याबद्दल वाचकांनीं आम्हांस क्षमा करावी. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तीन महिने इंग्लंडांत होतों. चिरंजीव मिल्टन कीन्स या शहरीं नोकरीस आहेत. लंडन यथासांग पाहिलें. पण जें मनांत घर करून राहिलें, तें लंडनांत नव्हे, तर चिरंजीवांच्या बिऱ्हाडापासून थोड्याच मैलांवर, ब्लेच्ली गांवच्या एका बैठ्या, ओबडधोबड इमारतींत.

ब्लेच्ली हें लंडनच्या यूस्टन स्थानकापासून वायव्येस सुमारें पन्नास मैलांवर आहे. स्टेशनांतून बाहेर पडून पायीं चाललें कीं कांहीं मिनिटांत एका जुन्या धनिकाच्या वाड्याचें आवार लागतें. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचें काम येथें अत्यंत गुप्तपणें चाले. युद्धाच्या अखेरीस सुमारें नऊ हजार माणसें या कामावर होतीं आणि त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. आज त्या जागीं दोन स्वतंत्र संस्था आहेत. वाडा आणि तळें पाहण्याचें तिकीट निराळें, संगणक-संग्रहालयाचें निराळें. हें ठाऊक नसल्यामुळें आमची प्रारंभीं थोडी फजिती झाली. घरच्या मंडळींस तळ्यावरील बदकें अधिक पसंत पडलीं, म्हणून त्या सूनबाईंसह तिकडेच राहिल्या. आम्ही आणि आमचा अकरा वर्षांचा नातू असे दोघे 'ब्लॉक एच्' नांवाच्या इमारतीकडे वळलों.

बाहेरून पाहतां ही इमारत एखाद्या मामलेदार कचेरीच्या मागील दप्तरखान्यासारखी दिसते. शोभा म्हणून कांहीं नाहीं. २००७ सालीं येथें 'नॅशनल म्यूझियम ऑफ कम्प्यूटिंग' हें संग्रहालय सुरू झालें. आंत शिरतांना आमची अशी समजूत होती कीं, कांचेच्या कपाटांत मृत यंत्रें मांडलेलीं असतील आणि त्यांखालीं चिठ्ठ्या असतील. ती समजूत पहिल्याच दालनांत गळाली. कारण तेथें यंत्रें चालत होतीं.

प्रथम जाणवली ती ऊब. पुरुषभर उंचीहून मोठे लोखंडी सांगाडे, त्यांवर जुन्या रेडिओंत असत तसे सुमारें अडीच हजार व्हॉल्व्ह, आणि एका बाजूस खाटेसारख्या चौकटींत चाकांवरून गरगर धांवणारी छिद्रांकित कागदी फीत. या चौकटीस तेथील लोक खाटच म्हणतात. ही फीत सेकंदास पांच हजार अक्षरें या वेगानें प्रकाशनेत्रांपुढून निघून जाते. हा 'कोलॉसस'. युद्धकाळीं नववा कोलॉसस ज्या जागीं उभा होता, त्याच जागीं आज ही प्रतिकृति उभी आहे.

कोलॉससची कथा थोडक्यांत सांगतां येण्यासारखी नाहीं, तरी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जर्मन सेनापतींचे संदेश लॉरेंझ नांवाच्या बारा चक्रांच्या यंत्रांतून गूढ होऊन बाहेर पडत. ३० ऑगस्ट १९४१ रोजीं एका जर्मन तारवाल्यानें चक्रें पुन्हा मूळ जागीं आणून, सुमारें चार हजार अक्षरांचा एकच संदेश किंचित् फेरफारानें दोनदां पाठविला. एवढ्या एका प्रमादावरून जॉन टिल्टमन यांनीं तो संदेश उलगडला. आणि बिल टट् या तरुण गणितज्ञानें, तें यंत्र डोळ्यांनीं पाहिलें नसतांना, त्याची सारी अंतर्रचना कागदावर सिद्ध केली! आम्हीं जन्मभर विद्यार्थ्यांना रूपावरून धातु ओळखावयास शिकविलें. परंतु रूपावरून रूपें घडविणाऱ्या यंत्राचीं चक्रें किती व त्यांस दांते किती हें ओळखणें म्हणजे बुद्धीची परिसीमाच म्हटली पाहिजे.

रचना कळली तरी रोजच्या संदेशांसाठीं जी प्रचंड मोजदाद लागे, ती माणसाच्या हातून वेळेवर होईना. हें काम पोस्टखात्याचा अभियंता टॉमी फ्लॉवर्स यानें अंगावर घेतलें. हा एका गवंड्याचा मुलगा. हजारो व्हॉल्व्ह एकत्र आणल्यास रोज कांहीं ना कांहीं निकामी होणार, असें भल्याभल्यांचें मत होतें. परंतु टेलिफोनच्या कामांतील अनुभवामुळें फ्लॉवर्स जाणून होता कीं, व्हॉल्व्ह बिघडतो तो बहुधा चालू-बंद करतांना. अखंड पेटता ठेवला तर तो वर्षानुवर्षें टिकतो. अग्निहोत्र्याच्या घरीं ही गोष्ट कोणास समजावून द्यावी लागली नसती. पहिला कोलॉसस १९४४ च्या आरंभीं ब्लेच्लीस आला, आणि युद्ध संपेपर्यंत असे दहा संगणक तेथें काम करीत होते.

पुढील भाग ऐकतांना आमच्या जिवाचें पाणी झालें. युद्ध संपतांच दहांपैकीं आठ मोडून टाकण्यांत आले. उरलेले दोन १९६० च्या सुमारास गेले. कागदपत्र नष्ट करण्याची आज्ञा झाली, आणि फ्लॉवर्सनें आपले आराखडे भट्टींत जाळले. ज्यानें निर्मिलें त्याच्याच हातून दहन! पुढें अशाच एका यंत्रासाठीं त्यानें पेढीकडे कर्ज मागितलें, तर असलें यंत्र चालणें शक्य नाहीं असें सांगून तें नाकारण्यांत आलें, असें सांगतात. आपण तें पूर्वींच चालविलें आहे, हें त्यास बोलतां येत नव्हतें. सुमारें तीस वर्षें हें सारें गुप्त राहिलें, आणि आद्यत्वाचा मान जगानें १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या एनिॲकला देऊन टाकला.

मग ही प्रतिकृति उभी राहिली कशी? १९९३ सालीं टोनी सेल या अभियंत्यानें हें काम हातीं घेतलें, तेव्हां त्याच्यापाशीं १९४५ सालचीं आठ छायाचित्रें होतीं, आणि कांहीं अभियंत्यांनीं नियम मोडून स्वतःपाशीं ठेवलेले आराखड्यांचे तुटक तुकडे होते. त्यांत हयात वृद्धांच्या आठवणी मिळविल्या. त्या सुमारास जुनीं टेलिफोन-केंद्रें मोडीत निघत होतीं. त्यांतील सुटे भाग उपयोगीं पडले. ६ जून १९९६ रोजीं हा कोलॉसस प्रथम चालू झाला, तेव्हां नव्वद वर्षांचे फ्लॉवर्स समोर उपस्थित होते. दोन वर्षांनीं ते वारले.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून सिद्ध केली, तिची आम्हांस येथें आठवण झाली. तेथें शेंकडों पोथ्या होत्या. पाठ इतके कीं निवडतां निवडतां पंडितांचे केस पांढरे व्हावे. येथें आठ चित्रें आणि चार चिटोरे. आमच्या नातवानें मात्र एक मार्मिक शंका काढली. तो म्हणाला, "आजोबा, मग हा खरा कोलॉसस कीं खोटा?" आम्हीं त्यास देवळाच्या जीर्णोद्धाराचें उदाहरण दिलें. पण जीर्णोद्धारांत मूर्ति तरी जुनीच असते. येथें मूर्तीहि नवी. उत्तर आमचें आम्हांसच पटलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

मूळ मूर्ति पाहावयाची तर पुढच्या दालनांत जावें. तेथें हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रासाठीं बांधलेला, १९५१ सालीं चालू झालेला, अडीच टन वजनाचा संगणक आहे. याच्या आठशेंहून अधिक नळ्यांत नारिंगी ठिपके एकेक घर पुढें सरकतात. आणि ते दहांच्या गणतीनें सरकतात, त्यामुळें यंत्राच्या पोटांतील आंकडा नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येतो. एक गुणाकार करावयास यास पांच ते दहा सेकंद लागतात! हाताच्या गणनयंत्रावर काम करणारा माणूस याच्याशीं बरोबरी करूं शके. फक्त माणूस दमे, हा दमत नसे. नाताळच्या सुटींत दहा दिवस त्यास एकटा सोडून लोक गेले, ते परत आले तेव्हां तो हिशेब करीतच होता, अशी नोंद आहे. १९५७ नंतर तो वूल्व्हरहॅम्टनच्या तंत्रविद्यालयास मिळाला, तेथें १९७३ पर्यंत त्यानें विद्यार्थी शिकविले, आणि पुढें बर्मिंगहॅमच्या संग्रहालयांत गेला. तें संग्रहालय १९९७ सालीं बंद पडल्यावर याचे भाग सुटे होऊन कोठारांत पडले. कोठाराच्या एका छायाचित्रांत याचा दर्शनी फलक केव्हिन मरेल या जाणत्या गृहस्थांच्या दृष्टीस पडला, म्हणून तो सांपडला. तीन वर्षें दुरुस्ती होऊन नोव्हेंबर २०१२ मध्यें तो पुन्हा चालला. चालू स्थितींतील मूळ अंकीय संगणकांत जगांत हाच सर्वांत जुना. त्याच्या पुढें बाकावर आम्ही बराच वेळ बसलों. चिमण्यांनीं दाणे टिपावे तसा त्याचा टिकटिक आवाज येत होता.

केंब्रिजच्या एड्सॅक संगणकाचीहि प्रतिकृति येथें रचण्यास घेतली आहे. मूळ यंत्र १९४९ सालीं चाललें व १९५८ सालीं मोडीत गेलें. त्याचे एकोणीस आराखडे २०१४ मध्यें हातीं आले. १९५९ सालीं एका तरुणानें केंब्रिजच्या प्रयोगशाळेच्या बोळांत, फेकून देण्यासाठीं रचलेल्या ढिगांत ती गुंडाळी पाहिली आणि मोह न आवरून उचलून घरीं नेली, म्हणून ते राहिले.

आतां जें सांगावयाचें तें आमच्याविषयीं आहे. संग्रहालयाच्या एका भागांत शाळेचा वर्ग मांडला आहे. बाकांवर १९८१ सालीं निघालेले 'बीबीसी मायक्रो' संगणक ओळीनें ठेवले आहेत. फिकट पिवळट पेटी, काळ्या कळा, आणि वरच्या बाजूस तांबड्या कळांची रांग. मुलें त्यांवर बसून खुशाल बोटें चालवीत होतीं. आम्ही दारांतच थबकलों.

कारण हें यंत्र आमच्या परिचयाचें होतें. १९८४-८५ सालीं केंद्र सरकारनें शाळांतून संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली, तिच्यासाठीं निवडलेलें यंत्र हेंच. दोनएक वर्षांनीं आमच्याहि शाळेस अशीं दोन यंत्रें मिळालीं. संस्कृतचे तास थोडे, म्हणून तीं आमच्याकडे सोंपविण्यांत आलीं. खिडक्यांस पडदे, खोलीबाहेर चपला, आणि हात धुतल्यावांचून स्पर्श नाहीं: आमच्या मातोश्रींच्या सोंवळ्यांत जेवढे नियम नव्हते तेवढे त्या खोलींत होते. तारेच्या वेटोळ्यानें बांधलेलें एक जाडजूड इंग्रजी पुस्तक यंत्राबरोबर आलें होतें. मॅट्रिकच्या इंग्रजीच्या जोरावर, कोश शेजारीं ठेवून, आम्हीं तें पान-पान वाचलें आणि समासांत पेन्सिलीनें मराठी टिपणें केलीं. 'राम' शब्दाच्या सातहि विभक्ति रोमन लिपींत पडद्यावर उमटविणारी आज्ञावली आम्हीं रचली, तेव्हां सारा वर्ग टाळ्या वाजवीत उभा राहिला होता.

पुढें नवीं यंत्रें आलीं. जुन्या सामानाच्या निर्लेखनासाठीं तिघांची समिति झाली, तींत आम्ही होतों. यंत्रें भंगारवाल्यास गेलीं. पुस्तकें, ध्वनिफितींवरील आज्ञावल्या आणि शिक्षकांसाठीं आलेलीं टिपणें रद्दींत, किलोच्या भावानें. त्या कागदावर आमची सही आहे. फ्लॉवर्सला निदान सरकारची आज्ञा तरी होती. आम्हांस कोणीहि आज्ञा केली नव्हती. कपाट रिकामें हवें होतें, इतकेंच.

"बसा ना, सर," असें तेथील एक वृद्ध स्वयंसेवक म्हणाले. आम्ही बसलों. नातू शेजारीं. यंत्र चालू करतांच तोच जुना दुहेरी स्वर निघाला. विभक्तींची आज्ञावली आठवून आठवून लिहूं लागलों. तिसऱ्या ओळींत कांहीं चुकलें आणि पडद्यावर 'मिस्टेक' हा शब्द उमटला. आज्ञेचा अर्थ लागला नाहीं कीं हें यंत्र असेंच सांगतें. नातू हंसला. स्वयंसेवकांनीं शेल्फावरून तेंच तारेच्या वेटोळ्याचें पुस्तक काढून आमच्यापुढें ठेविलें.

आम्ही हिंदुस्थानांतील शाळामास्तर, आणि हींच यंत्रें शिकविलीं, हें कळल्यावर त्या गृहस्थांस फार कुतूहल वाटलें. त्यांनीं सांगितलें कीं, यंत्र सांभाळणें त्यामानानें सोपें. विद्युत्पेटींतील जुने कपॅसिटर धूर काढून फुटतात, ते आधींच बदलले कीं झालें. कठीण तें कागद मिळविणें. कोणत्या शाळेंत मास्तर यावर काय शिकवीत होता, हें छापील पुस्तकांत कोठेंच नसतें. मग त्यांनीं सहज विचारलें, "तुमच्या त्या वेळच्या वह्या असतीलच ना?" आम्हीं नातवाकडे पाहिलें आणि म्हटलें, शोधूं.

तळ्याकांठीं परत आल्यावर हकीकत सांगितली, तेव्हां घरांतून उत्तर आलें, "तुमचं काय फेकायचं राहिलंय? माळ्यावरची ट्रंक मीच वाचवली म्हणून!"

स्वदेशीं आल्यावर दुसऱ्याच दिवशीं ट्रंक उतरविली. रघुवंशाच्या टांचणांखालीं एक दोनशें पानी वही निघाली. कडा कसरीनें खाल्ल्या आहेत, पेन्सिल पुसट झाली आहे, पण ओळींचे क्रमांक वाचतां येतात: दहा, वीस, तीस. पहिलीं बावीस पानें पूर्ण आहेत. चतुर्थीपर्यंत राम आहे. पुढील पान फाटलें आहे. नातवाला फोनवर तीं वाचून दाखविलीं, तेव्हां तिसऱ्या ओळींत अवतरणचिन्ह राहिलें होतें, हें त्यानेंच काढलें. सर्व पानांच्या छायाप्रती काढावयास दिल्या आहेत. मूळ वही ब्लेच्लीस पाठवावी कीं येथेंच कोठें ठेवावी, यावर घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.