माडीवरची खोली

स्वतःची अशी एक खोली असावी, ही माझी इच्छा इतकी जुनी आहे कीं, तिचा उच्चार करावयासही मला संकोच वाटूं लागला होता. लग्न होऊन ह्या घरांत आलें तेव्हां मी एका शाळेंत मराठी शिकवीत होतें. वह्या तपासावयाच्या त्या स्वयंपाकघरांत पाटावर बसून, नाहीं तर मुलें निजल्यावर जिन्याखालच्या दिव्याशीं. सदतीस वर्षें अशीच गेलीं. तक्रार करावी असें त्यांत कांहीं नव्हतें. एकत्र कुटुंबांत 'माझी खोली' हे शब्दच थोडे उर्मट वाटतात. परंतु गेल्या वर्षीं मी निवृत्त झालें त्या दिवशीं हे आपण होऊन म्हणाले, "माडीवरची पुस्तकांची खोली आतां तूं नीट करून घे. बैस तिथें, वाच, लिही." मामंजी शेजारींच बसले होते. त्यांनींही मान हलविली. ती संमति समजून मी कामास लागलें.

आमचा वाडा पुण्यांत नारायण पेठेंत, नदीच्या अंगाला आहे. वाडा म्हणावयाचें तें संवयीनें. त्याचा मागचा चौक १९६१ च्या पुरांत कोसळला. ही खोली पुढच्या माडीवर. तीन खणांची, बुटकी, वर सागवानी कडीपाट आणि रस्त्याकडे दोन खिडक्या. भिंती हातभर जाडीच्या, आणि उत्तरेकडील भिंतीच्या त्या जाडींतच बसविलेलीं तीन फडताळें. भिंतींत बसविलेल्या पुस्तकांच्या कपाटांचीं चित्रें हल्लीं मोठ्या कौतुकानें छापतात. तीं पाहून मला वाटे कीं, आमच्या वाडवडिलांनीं ही नवलाई केव्हांच करून ठेविली होती. पुढच्या पिढ्यांनीं तिच्यावर हिरवा ऑइलपेंट तेवढा फासला!

कामाची सुरुवात भिंतीपासून झाली. फडताळांभोंवतींचा गिलावा फुगून आला होता. हात लावला कीं पापुद्रे गळत आणि खालीं पांढरा क्षार दिसे. वीस वर्षांपूर्वीं आम्हींच तेथें सिमेंटचा गिलावा करविला होता, आणि आतां ही भिंत आपल्या नातवंडांना पुरेल म्हणून समाधानही मानलें होतें. ह्या खेपेस आलेला म्हातारा गवंडी बोटानें टिचक्या मारीत भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि म्हणाला, "बाई, भिंतीचं नाक दाबलंत तुम्ही." त्याचें म्हणणें खरें होतें. जुन्या भिंतींत विटा मातींत व चुन्यांत बसविलेल्या असतात. कौलांतून, वळचणीवरून थोडेंफार पाणी त्यांत मुरतें आणि चुन्याच्या गिलाव्यांतून हळूहळू उडून जातें. सिमेंट त्याला तशी वाट देत नाहीं. ओल आंत कोंडते, तिच्याबरोबर आलेला क्षार गिलाव्यामागें सांचतो आणि शेवटीं सिमेंटलाच ढकलून देतो. फडताळांतल्या पुस्तकांच्या पाठी पावसाळा संपल्यावरही ओलसर कां लागत, हें कोडें मला त्या दिवशीं उलगडलें.

मग सिमेंट खरवडून काढलें. कळीचा चुना विझवून पिंपांत मुरत ठेविला, तेव्हां माझ्या पुतण्यानें तीन वेळां विचारलें कीं, बाजारांत तयार डबे मिळत असतां हा खटाटोप कशाला? त्याच्या पिढीला मुरणें ही क्रिया लोणच्यापुरतीच ठाऊक आहे. वरचा हात दिला तो चुन्यांत थोडी पिवडी मिसळून. सकाळच्या उन्हांत त्या भिंतीला सायीसारखा रंग येतो. दारांवरचा हिरवा रंग जाऊबाईंनीं आणि मीं मिळून खरवडला. आमचीं नखें गेलीं, पण खालीं सागवान निघालें, आणि जवसाच्या तेलाचे दोन हात पडतांच त्याच्या रेषा अशा उमटल्या कीं, आम्ही दोघी कांहीं वेळ नुसत्या बघत बसलों.

माझ्या स्वतःच्या पुस्तकांसाठीं दक्षिणेच्या भिंतीला नव्या फळ्या करावयाच्या होत्या. सुतारमिस्त्रींनीं पहिला प्रश्न विचारला तो लांकडाचा नव्हे, वजनाचा. पुस्तकांची फूटभर ओळ सहज दहा-बारा किलो भरते. लांबच लांब एकसंध फळी थोड्याच दिवसांत पोट काढते. म्हणून दर अडीच फुटांवर त्यांनीं उभा आधार दिला. खोलीच्या मध्यावर एक कपाट उभें करावें असा माझा बेत होता. तो त्यांनीं शांतपणें ऐकून घेतला, पायानें जमीन दाबून पाहिली, आणि सगळें ओझें कड्या जेथें भिंतीवर टेकतात तेथेंच ठेविलें. कांचेचीं दारें मात्र मींच रद्द केलीं. दमट हवा कोंडली कीं कसर होते. त्यापेक्षां मोकळ्या फळ्या, आठवड्याला एकदां झाडणें आणि कोपऱ्यांत वेखंडाची पुरचुंडी बरी.

आतां पुस्तकांविषयीं. मामंजींचीं तिन्ही फडताळें मीं रिकामीं केलीं तेव्हां मास्तरीण ह्या नात्यानें माझा जीव अगदीं कळवळला. त्या मांडणीला ना विषय होता, ना क्रम! १८५७ सालचा मोल्सवर्थचा कोश, त्याच्या शेजारीं वैद्यकाचें एक पुस्तक, पलीकडे 'मनोरंजना'चे बांधीव अंक. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या २३ खंडांपैकीं आमच्याकडे सतरा उरले आहेत, तेही तिन्ही फडताळांत विखुरलेले. मीं दहा दिवस खपून सर्व नीट लाविलें: कोश एकत्र, इतिहास एकत्र, राजवाड्यांचीं 'साधनें' खंडवार, काव्य वेगळें. वाचकहो, इतकें समाधान मला आयुष्यांत क्वचितच लाभलें असेल.

मामंजी नव्वदीला टेकले आहेत. डोळ्यांच्या विकारानें त्यांच्या नजरेचा मध्य गेला आहे. कडेकडेचें अंधुक दिसतें, अक्षर मुळींच दिसत नाहीं. तरी रोज दुपारीं चार वाजतां ते काठी टेकीत माडीवर येत, एखादें पुस्तक काढून मांडीवर घेत आणि तासभर बसत. कधीं एखादें नातवंड त्यांना पानभर वाचून दाखवी. त्यांचें हें येणें म्हणजे निव्वळ संवय, अशी माझी समजूत होती.

खोली तयार झाल्यावर पहिल्या दिवशीं ते आले, मधल्या फडताळापाशीं उभे राहिले, दुसऱ्या फळीवर हात फिरवून त्यांनीं एक पुस्तक काढलें. त्याची पाठ चांचपली, पुन्हां आंत सारलें. दुसरें काढलें, तेंही ठेविलें. मग खिडकीशीं जाऊन रिकाम्या हातानें बसले. दुसऱ्या दिवशींही तसेंच. त्यानंतर ते आले नाहींत, आणि मी माझ्या लिहिण्यांत इतकी गढलेली कीं, ही गोष्ट माझ्या ध्यानांत यावयास आणखी चार दिवस जावे लागले! मीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "खोली छान झाली आहे, सूनबाई. चुन्याचा गारवा जाणवतो. मला आतां तिथें कांहीं सांपडत नाहीं, इतकेंच."

'इतकेंच' हा शब्द मला फार लागला.

मग त्यांनीं जें सांगितलें तें आमच्या घरांत कोणालाच धड ठाऊक नव्हतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंही फुटलें, आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें. पुस्तकें त्या वेळीं खालीं ओसरीलगतच्या खोलींत असत. मामंजी तेव्हां सव्वीस वर्षांचे. घरचीं माणसें माडीवर पोंचवून त्यांनीं जेवढे गठ्ठे वर आणवले तेवढे आणले. बाकीचे पाणी ओसरल्यावर चिखलांतून काढले. घरांत वीज नाहीं, बाहेर आषाढाचा पाऊस. माडीवर दोऱ्या बांधून, दुरून शेगडीची ऊब देऊन, एकेक पान सोडवीत त्यांनीं व त्यांच्या वडिलांनीं तीं वाळविलीं. जें पुस्तक वाळे तें फडताळांत जाई. त्या पुस्तकांचा क्रम वाळण्याचा होता. "नंतर लावूं म्हणून ठेवलीं होतीं," मामंजी म्हणाले, "पण वर्षभरांत वडील गेले. मग मला हात लावावासा वाटेना."

दृष्टि गेल्यावर तोच क्रम त्यांचा डोळा झाला होता. कोणत्या पुस्तकाची पाठ फुगलेली, कोणाचा कोपरा कुरतडलेला, कोणतें पाण्यानें लाटेसारखें वांकलेलें, हें त्यांच्या बोटांना पाठ होतें.

मला स्वच्छ सांगितलें पाहिजे कीं, त्या रात्रीं माझ्या मनांत केवळ पश्चात्तापच नव्हता. सदतीस वर्षांनीं मिळालेली खोली, तींतही माझ्या हातची मांडणी टिकूं नये, याचा रागही होता. हे म्हणाले, "त्यांचीं तीं बाहेर ओटीवर मांडूं, खोली तुझीच राहूं दे." त्यांचा हेतु चांगला होता, परंतु ती सोय मनाशीं मांडून पाहतांच माझा राग ओसरला.

पुतण्यानें काम सुरू होण्यापूर्वीं मोबाइलवर खोलीचे फोटो काढले होते. त्यांत मधलें फडताळ बरेंच स्पष्ट, उजवें निम्मेंच आणि डावें दाराआड. पहिल्या दोन दिवसांत फोटोंवरून जेवढें जमलें तेवढें लाविलें. पुढचे सात दिवस मी एकेक पुस्तक मामंजींच्या हातांत देई, ते त्याची पाठ आणि कोपरे चांचपीत आणि सांगत, "डावीकडे, खालून दुसरी फळी, वैद्यकाच्या अलीकडे." कांहीं ठिकाणीं तेही अडले. एका पुस्तकाचीं चाळीसेक पानें आजही एकमेकांना चिकटलेलीं आहेत. तें हातीं येतांच ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. ज्ञानकोश पुन्हां विखुरला, राजवाड्यांचे खंड तीन दिशांना गेले. मीं ओठ घट्ट मिटून तें सर्व होऊं दिलें. दक्षिणेकडच्या फळ्या माझ्या. तेथें मात्र विषयवारी आहे, आणि ती जरा कडकच आहे.

"माझ्यामागें लाव तुला हवीं तशीं," असें ते शेवटच्या दिवशीं म्हणाले. मीं उत्तर दिलें नाहीं.

आतां चारच्या सुमारास जिन्यांत काठी वाजते. मी टेबल थोडें ओढून घेतें, म्हणजे त्यांना फडताळापाशीं जावयास वाट होते. परवां एका शब्दाच्या अर्थासाठीं मला मोल्सवर्थ हवा होता. लिहितां लिहितां उठून मीं मधल्या फडताळांत हात घातला, तर हातीं 'मनोरंजना'चा एक अंक आला. मी पुटपुटत पुन्हां चांचपूं लागलें.

"एक फळी खालीं," मामंजी खिडकीपासून म्हणाले. "आणि जरा जपून काढ, त्याची पाठ सुटली आहे."