घडणावळ

पेन्शनीत निघालेल्या मनुष्यास कसला तरी नाद लागावा लागतो. नाही तर तो घरच्या मंडळींस तरी छळतो, किंवा गावच्या राजकारणात तरी पडतो. मला नाद लागला तो जुन्या, हातघडणीच्या वस्तू जमविण्याचा. अडकित्ते, वज्र्या, दौती, धान्य मोजावयाच्या अधोल्या, बैलांच्या घुंगुरमाळा असा पसारा आमच्या वाशीमच्या घरी ओसरीवर वाढत गेला, आणि 'यापेक्षा शाळेतली मुले बरी होती' असा शेरा स्वयंपाकघरातून मिळू लागला.

या नादाचे बीज पुण्यास पडले. पुष्कळ वर्षांपूर्वी मुलांची सहल घेऊन गेलो असता राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहण्याचा योग आला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी सुमारे १९२० पासून एकेक वस्तू मिळविली. अकाली गेलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव संग्रहास दिले, आणि १९७५ साली तो सारा सरकारच्या स्वाधीन केला. वस्तू वीस हजारांवर. मांडलेल्या त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास. तेथील समया, अडकित्ते पाहून मी थक्क झालो खरा, पण डोळ्यांपुढे उभे राहिले ते निराळेच. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईने न्हाणीघरातले तांब्याचे घंगाळ मोडीत घातले होते. ते दुकानापर्यंत डोक्यावरून नेले ते मीच. त्याच्या कड्या वाटेत वाजू नयेत म्हणून तिने त्यांस चिंध्या बांधून दिल्या होत्या.

मोडीच्या दुकानात वस्तू तागडीत पडते ती केवळ धातू म्हणून. तांबटाने पत्रा भट्टीत लाल करावा, मऊ झाला की ठोकावा, पुन्हा तापवावा, आणि शेवटी सबंध अंगावर हातोडीने मठारून काढावे. ते टिंबाटिंबांचे काम नुसत्या शोभेचे नसते, त्या ठोक्यांनी पत्र्यास कणखरपणा येतो. या श्रमांस खरेदीच्या वेळी घडणावळ म्हणून पैसे पडतात. मोडीच्या वेळी तिचा एक पैसाही कोणी धरीत नाही. ('घडणे' हे आपले क्रियापद 'घट्' या संस्कृत धातूपासून आले. व्याकरणातला धातू आणि दुकानातला धातू यांची अशी गाठ पडलेली पाहून माझ्यातल्या शिक्षकास उगाच गंमत वाटते.)

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात मला एक घंगाळ मिळाले. आमचे नव्हे, परंतु तसेच. पावणेचार किलो भरले. मोडीच्या भावाहून किंचित जास्त देऊन मी ते आणले आणि फार स्वस्तात मिळाले म्हणून चार जणांस सांगितलेही. पुढे काठ पुसताना नाव दिसले. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल आहेच. येथे लेकीचे नाव, बापाचे नाव आणि गाव. ते गाव रिसोडच्या रस्त्यावर, आमच्यापासून फार दूर नाही.

महिनाभर ते नाव मी पाहून न पाहिल्यासारखे केले. शेवटी एके सकाळी घंगाळ पोत्यात घालून निघालो.

लेक माहेरच्याच गावी दिलेली, आता सत्तरीच्या घरातली बाई. पोते सोडताच तिने नावाकडे पाहिले नाही. एका कडीजवळच्या पोच्यावरून बोट फिरविले. "माह्यं हाय हे," ती म्हणाली, "बापानं दोन बकऱ्या इकून देल्लं होतं." नातवाच्या दवाखान्यापायी ते गेले होते. मग तिने विचारले, "कितीले घेतलं, गुर्जी?"

पस्तीस वर्षे मुलांस खरे बोलण्याचा पाठ दिलेल्या माझी जीभ त्या वेळी क्षणभर अडखळली. आकडा सांगितला. तो तिला मिळालेल्या रकमेपेक्षा थोडासाच अधिक होता. ती काही बोलली नाही. आतून चिंच आणि राख घेऊन आली आणि घासावयास बसली. जो काळपटपणा मी जुनेपणाची खूण म्हणून मोठ्या कौतुकाने जपला होता, तो पाहता पाहता निघून गेला व मठारकामाचे एकेक टिंब उन्हात दिसू लागले. मला तिला थांबवावेसे वाटले, हे कबूल करतो.

घंगाळ मी तेथेच ठेवू लागलो, तेव्हा ती रागावली. फुकट ती घेणार नव्हती; मी दिले तेवढे पैसे ती देणार होती, मात्र एकदम नाही. सूनबाईने हळूच मला खुणावले, 'हो म्हणा.' मी होय म्हटले.

वाशीमच्या बाजाराला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती ती पैसे धाडते, दर खेपेस दोनशे. आजवर तीन हप्ते पोचले.